स्मोकजंपर : एका शब्दाची जन्मकथा

शब्द दोन ठिकाणी जन्माला येतात. काही कचेरीत जन्मतात, काही कामाच्या जागी. कचेरीत जन्मलेला शब्द सर्वांगपरिपूर्ण असतो; त्याच्यावर कोणाला आक्षेप घेता येत नाही आणि बहुधा कोणी तो उच्चारीतही नाही. कामाच्या जागी जन्मलेल्या शब्दात काहीतरी उणे असते, व्याकरणाचा एखादा टाका उसवलेला असतो. पण तो तोंडात बसतो, आणि म्हणून टिकतो. आगीशी झुंजणाऱ्या माणसांची नावे बहुतेक या दुसऱ्या जातीची आहेत. मराठीतला आगीचा बंब हा पोर्तुगीज भाषेतील पंपवाचक 'बोंबा' या शब्दाचा वंशज. तो ज्याने रूढ केला त्याने कोणत्याही कोशाची अनुमती घेतली नसेल. इंग्रजीतला 'फायरमन' तर दोन परस्परविरुद्ध माणसांचे नाव आहे. रेल्वेच्या इंजिनावरचा फायरमन कोळसा घालून आग जिवंत ठेवीत असे. बंबावरचा फायरमन पाणी घालून आग विझवितो. एकाच शब्दाच्या छत्राखाली दोघांचा संसार सुखाने चालला. कारण कोणता फायरमन कोठे उभा आहे हे पाहणाऱ्याला दिसत होते.

याच कुळातला एक शब्द अमेरिकेच्या अरण्यांत विसाव्या शतकात रूढ झाला. तो शब्द म्हणजे 'स्मोकजंपर'. स्मोक म्हणजे धूर आणि जंपर म्हणजे उडी मारणारा, हे दोन्ही शब्द ज्याला ठाऊक आहेत त्यालाही या जोडशब्दाचा अर्थ लागेलच असे नाही. धुरावरून उडी मारणारा कोणी सर्कशीतला कसरतपटू त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहील, किंवा धुराच्या लोटात आंधळेपणाने झेपावणारा एखादा वेडा वीर. वास्तवात स्मोकजंपर हा वनखात्याचा नोकर आहे. दुर्गम डोंगराळ जंगलात वणवा लागला, की तो विमानातून पॅराशूटच्या, म्हणजे हवाई छत्रीच्या, साहाय्याने त्या वणव्याजवळ उतरतो आणि फावडे-कुऱ्हाडीने तो आटोक्यात आणतो. धुरात तो उडी घेत नाही. उलट धुरापासून दूर, वारा सोयीचा पाहून, झाडे विरळ असलेली मोकळी जागा हेरून तो उतरतो. मग त्याच्या नावात धूर आला कोठून? आग का आली नाही? या लहानशा प्रश्नाच्या उत्तरात एका पेशाचा इतिहास आहे, आणि एक शोकान्तही आहे.

अमेरिकेच्या वनखात्याची स्थापना १९०५ साली झाली. खाते पाच वर्षांचे होते न होते तोच, १९१० सालच्या ऑगस्ट महिन्यात, आयडाहो आणि माँटाना या राज्यांतील डोंगरांत वणव्यांनी प्रलय मांडला. वीस आणि एकवीस ऑगस्ट या दोन दिवसांत सोसाट्याच्या वाऱ्याने शेकडो लहान आगी एकत्र आणल्या आणि सुमारे तीस लाख एकर अरण्य जळून गेले. पंचाऐंशीच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतली बहुतेक आग विझवावयास गेलेली होती. एड पुलास्की नावाच्या वनरक्षकाने आपल्या तुकडीला खाणीच्या एका जुन्या बोगद्यात कोंडून घातले, बाहेर पळू पाहणाऱ्यांना पिस्तूल दाखवून थोपविले आणि त्यांतील बहुतेकांचे प्राण वाचविले. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असलेले वणवेवाल्यांचे जे हत्यार आजही वापरात आहे, ते त्याच्याच नावाने 'पुलास्की' म्हणून ओळखले जाते.

त्या प्रलयातून खात्याने एकच धडा घेतला. वणवा मोठा झाला, की माणसाचे बळ त्याच्यापुढे चालत नाही. म्हणून तो लहान असतानाच गाठला पाहिजे. लहान असताना म्हणजे केव्हा? तर जेव्हा दुरून तो आग म्हणून दिसतच नाही, केवळ धूर म्हणून दिसतो, तेव्हा. यासाठी शिखराशिखरांवर टेहळणीचे मनोरे आणि झोपड्या उभ्या राहिल्या. प्रत्येक मनोऱ्यात एक माणूस उन्हाळाभर एकटा राही. त्याच्यापुढे नकाशा बसविलेली एक वर्तुळाकार तबकडी असे. धूर दिसला, की तबकडीवरून तो दिशेचा अंश वाची आणि टेलिफोनवरून कळवी. दुसऱ्या शिखरावरचा माणूस आपल्या बाजूने तोच धूर पाहून आपला अंश कळवी. नकाशावर या दोन रेषा जेथे एकमेकींना छेदीत, तेथे वणवा.

न्यायशास्त्राचा ज्याला थोडाफार परिचय आहे, त्याला हे दृश्य अगदी घरचे वाटेल. आपल्या नैयायिकांनी अनुमानप्रमाणाचे जे उदाहरण शतकानुशतके विद्यार्थ्यांना घोटविले, ते हेच. स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी यांचे साहचर्य पाहिलेला मनुष्य दूरच्या पर्वतावर धूर पाहतो आणि तेथे अग्नी असलाच पाहिजे असे ठरवितो. पाठशाळेतला पर्वत बहुधा कल्पनेतलाच राहिला. अमेरिकेच्या वनखात्याने त्या पर्वतावर पगारी माणूस नेऊन बसविला. एवढेच नव्हे, तर तर्कशास्त्रात हेत्वाभासांची जी चर्चा येते, तीही त्याला प्रत्यक्ष अनुभवावी लागे. पाऊस पडून गेल्यावर दऱ्यांतून वाफेचे पुंजके वर येतात आणि ते हुबेहूब धुरासारखे दिसतात. मनोऱ्यावरच्या लोकांनी त्यांना 'वॉटरडॉग', म्हणजे पाणकुत्री, असे नाव दिले होते. वाफेला धूर समजून ज्याने माणसे धावडविली त्याची फजिती होई. आणि धुराला वाफ समजून जो स्वस्थ बसला त्याच्या हातून अरण्य जाई.

या लोकांच्या बोलीत 'स्मोक' या शब्दाने आपले रूप पालटले. सामान्य इंग्रजीत धूर हा पाण्यासारखा किंवा दुधासारखा आहे. तो मोजता येत नाही. वनखात्याच्या इंग्रजीत तो मोजता येऊ लागला. 'आज सकाळपासून तीन स्मोक दिसले', असे मनोऱ्यावरचा माणूस सांगे. एक स्मोक म्हणजे दुरून दिसलेला, अजून कोणी जवळ जाऊन न पाहिलेला, आणि म्हणून अजून लहान मानलेला एक वणवा. येथे धूर ही अग्नीची केवळ खूण राहिली नाही. ती अग्नीच्या बालवयाची संज्ञा झाली.

असा एखादा स्मोक दिसला, की त्याच्या मागावर जो माणूस पायी निघे, त्याचे नाव 'स्मोकचेसर', धुराचा पाठलाग करणारा. पाठीवर फावडे, पुलास्की, होकायंत्र, नकाशा आणि दोनतीन दिवसांची शिदोरी घेऊन तो एकटा किंवा एखाद्या सोबत्यासह चालू लागे. वाट नसे. दरीत उतरल्यावर ज्याच्यासाठी निघालो तो धूर दिसेनासा होई. मग केवळ होकायंत्रावर भरवसा. विजेने पेटलेले एखादे वठलेले झाड शोधण्यासाठी कधीकधी दिवसच्या दिवस जाई. ते झाड सापडले, म्हणजे भोवतालचा पालापाचोळा खरवडून मातीची रेघ उघडी पाडावयाची, आपल्याकडे वनखात्यात जिला जाळरेषा म्हणतात तिचेच हे लहान रूप, आणि राख हाताला गार लागेपर्यंत तेथेच थांबावयाचे. या नोकरीत कीर्ती नव्हती. ज्याने काम चोख केले त्याचा वणवा वर्तमानपत्रात कधी आलाच नाही; कारण तो मोठा झालाच नाही.

स्मोकचेसरचा एकच शत्रू होता, आणि तो म्हणजे अंतर. १९३५ साली वनखात्याने दंडक घातला, की कोणताही वणवा कळल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आला पाहिजे. परंतु ज्या ठिकाणी पोहोचावयासच दोन दिवस लागतात, तेथे हा दंडक पाळावा कसा? एक वर्ष आधी, १९३४ साली, टी. व्ही. पिअर्सन नावाच्या वनअधिकाऱ्याने एक उपाय सुचविला होता. माणूस पायी जाऊन वेळेवर पोहोचत नसेल, तर त्याला विमानातून पॅराशूटने उतरवावे. काही उड्या मारूनही दाखविण्यात आल्या. पण कल्पना जिवावरची ठरली आणि फाइल मिटली. माँटानातील मिझूला येथील विभागीय वनाधिकारी इव्हान केली यांनी १९३५ साली वरिष्ठांना पत्र लिहून या कल्पनेला विरोध केला. पॅराशूटने उड्या मारणारी माणसे थोड्याफार प्रमाणात डोके फिरलेलीच असतात, अशा आशयाचा शेराही त्यांनी त्यात मारला. सरकारी पत्रव्यवहारात इतका मोकळेपणा क्वचितच आढळतो.

फाइल मिटली तरी अंतर मिटले नव्हते. विमानातून पाणी आणि रसायने टाकून वणवे विझविण्याचे प्रयोग त्याच सुमारास चालू होते. ते त्या काळी यशस्वी झाले नाहीत. १९३९ साली वॉशिंग्टनच्या मुख्य कचेरीतील डेव्हिड गॉडविन या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने त्या प्रयोगांचा उरलेला निधी पॅराशूटच्या चाचण्यांकडे वळविण्यात आला. वॉशिंग्टन राज्यातील विन्थ्रॉप या खेड्याजवळ, चेलन राष्ट्रीय वनात, त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या चाचण्या झाल्या. धंदेवाईक उडीबहाद्दर आणि स्थानिक वनरक्षक यांनी मिळून साठेक उड्या घेतल्या. काही मोकळ्या कुरणात, काही मुद्दाम उंच झाडांच्या दाटीत. जाड नमद्याचा पोशाख, डोक्याला फुटबॉल खेळाडूचे शिरस्त्राण, त्याला पुढून तारेची जाळी, आणि झाडात अडकल्यास खाली उतरण्यासाठी खिशात लांब दोरी. गंभीर इजा कोणालाच झाली नाही.

कागदोपत्री हा प्रयोग पॅराशूट-उड्यांचा होता. पण कामाच्या जागी त्याला दुसरे नाव मिळाले. विन्थ्रॉपच्या तळाची परंपरा 'स्मोकजंपर' या शब्दाचे श्रेय वॉल्ट अँडरसन या तेथील वनअधिकाऱ्याला देते. श्रेय कोणाचेही असो, शब्दाची घडण स्वतःच आपली वंशावळ सांगते. अँडरसन आणि त्यांचे सहकारी ज्या जगात वावरत होते, त्या जगात स्मोकचेसर हा रोजच्या तोंडातला शब्द होता. पॅराशूट-जंपर हा शब्द चाचण्यांसाठी आलेल्या उडीबहाद्दरांबरोबर आला होता. पहिल्या शब्दाचे डोके घेतले, दुसऱ्याचे पाय घेतले, आणि मधले सारे गाळून टाकले. धुराचा पाठलाग करणारा तो धूरचेसर. आता तोच उडी मारून जाऊ लागला, तो धूरजंपर.

मराठी व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे, तर येथे एका समासातून दुसऱ्या समासात उडी आहे. स्मोकचेसर हा आपल्या 'लाकूडतोड्या'सारखा सरळ शब्द. लाकूड तोडतो तो लाकूडतोड्या. धुराचा पाठलाग करतो तो स्मोकचेसर. पहिले पद दुसऱ्या पदातील क्रियेचे कर्म आहे. शहरातल्या बंबवाल्यांना अमेरिकेत 'स्मोक-ईटर', धूर खाणारा, असे टोपणनाव होते, तेही याच घडणीचे. श्वासाची उपकरणे येण्यापूर्वी ते लोक खरोखरच छाती भरून धूर खात असत. स्मोकजंपरमध्ये मात्र ही सरळ वाट नाही. धुराला उडता येत नाही, तसा धूर काही 'उडी मारण्या'चे कर्म होत नाही. धूर दिसल्यावरून जो विमानातून उडी घेतो तो, असा विग्रह करावा लागतो. म्हणजे मधली कितीतरी पदे लोपली आहेत. पुरणपोळी म्हणजे पुरण आणि पोळी नव्हे, तर पुरण भरून केलेली पोळी, हे आपल्याला शाळेत शिकवितात. स्मोकजंपर हा इंग्रजीतला असाच मध्यमपदलोपी समास म्हणावयास हरकत नाही. लोपलेल्या पदांत काय काय आहे? मनोऱ्यावरचा एकाकी माणूस आहे, टेलिफोनची तार आहे, नकाशावरच्या दोन रेषा आहेत, विमान आहे, पॅराशूट आहे. ज्याने हे सारे पाहिले आहे त्याला ते सांगण्याची गरज नव्हती. म्हणून शब्द इतका आखूड झाला.

तुलनेसाठी रशियाकडे पाहावे. सोव्हिएत संघात वणव्यांवर पॅराशूटने माणसे उतरविण्याचे काम १९३० ते ४० या दशकाच्या मध्यावरच, म्हणजे अमेरिकेच्या आधी, सुरू झाले होते. रशियन भाषेने त्या माणसाला पॅराशूटिस्ट-अग्निशामक असे दोन नामे शेजारी ठेवून नाव दिले. ते नाव अचूक आहे आणि कोणालाही कळते. त्यात साधनही आहे आणि कर्तव्यही आहे. अमेरिकन शब्दात साधनाचा उल्लेख नाही, आगीचाही नाही. त्यात आहे ती वेळ. वणवा धूर आहे तोवर त्याच्यापाशी पोहोचणारा, असे त्या शब्दाचे म्हणणे आहे. नावातच त्या पेशाने आपली अट सांगून ठेवली आहे.

पहिली खरी उडी १२ जुलै १९४० रोजी पडली. आयडाहोमधील नेझ पर्स राष्ट्रीय वनात लागलेल्या एका वणव्यावर रूफस रॉबिन्सन आणि त्याच्या पाठोपाठ अर्ल कूली असे दोन तरुण उतरले. कूलीच्या पॅराशूटच्या दोऱ्या पिळल्या गेल्या आणि तो एका उंच स्प्रूस वृक्षात जाऊन अडकला. पण इजा न होता खाली आला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वणवा आटोक्यात होता. इव्हान केली यांच्याच विभागाने ही उडी घडविली होती, हा या कथेतला एक गोड विरोधाभास. पुढे त्यांचे मिझूला हेच या पेशाचे मोठे केंद्र झाले.

शब्द रुजला तो युद्धकाळात. १९४० च्या जून महिन्यात विल्यम ली नावाचा सेनाधिकारी या वनसेवकांचे शिक्षण पाहून गेला. तेथे पाहिलेल्या काही गोष्टींचा उपयोग त्याने पुढे अमेरिकेचे छत्रीधारी सैन्य उभारताना केला. सामान्यतः सैन्याचे तंत्र नागरी खात्यात येते. येथे फावडेवाल्यांकडून ते सैन्याकडे गेले. तरुण माणसे युद्धावर गेल्यामुळे तळ ओस पडू लागले, तेव्हा १९४३ पासून त्यांची जागा घेतली ती शस्त्र हाती धरण्यास धर्मबुद्धीने नकार देणाऱ्यांनी. मेनोनाइट, क्वेकर, ब्रेदरेन अशा शांतिवादी पंथांचे सुमारे अडीचशे तरुण युद्ध संपेपर्यंत स्मोकजंपर म्हणून राबले. जे लढावयास नाही म्हणाले त्यांना भित्रे म्हणणाऱ्यांची त्या काळी वाण नव्हती. ते तरुण विमानाच्या दारात उभे राहून त्याचे उत्तर देत होते. १९४५ साली या कामी एक निराळी तुकडी आली. ती होती ५५५ वी पॅराशूट पलटण. ही कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण होती. जपानने वाऱ्यावर सोडलेल्या बाँबवाहू फुग्यांमुळे पश्चिमेची अरण्ये पेटतील या भीतीने तिला ऑरेगन राज्यात पाठविण्यात आले. ज्यांना युरोपच्या रणांगणावर जाण्याची उमेद होती त्यांच्या वाट्याला फावडे आले. त्यांनी बाराशेहून अधिक उड्या घेतल्या. ६ ऑगस्ट १९४५ रोजी माल्विन ब्राउन हा त्यांतला सैनिक उंच झाडावरून उतरताना पडून मरण पावला. आगीवर उडी घेण्याच्या कामात गेलेला हा पहिला बळी.

शांतिवादी आणि सैनिक, गोरे आणि काळे, अशा परस्परांपासून दूर असलेल्या माणसांना त्या एका आखूड शब्दाने सामावून घेतले. तोवर त्या शब्दाचे वचन पाळले जात होते. धूर दिसे, उडी पडे, सकाळी दहापर्यंत राख गार होई. या माणसांच्या बोलीत त्याला 'दहाची आग' असेच म्हणत.

मग ५ ऑगस्ट १९४९ हा दिवस उगवला. माँटानातील हेलेना राष्ट्रीय वनात, मिझूरी नदीच्या काठी, मान गल्च नावाची एक अरुंद दरी आहे. आदल्या दिवशीच्या विजेने तेथे वणवा लागला होता. मिझूलाहून विमान निघाले. त्यात सोळा स्मोकजंपर होते. एकाला विमानात इतका त्रास झाला, की त्याने उडी घेतली नाही. विमानाच्या दाराशी बसून उतरण्याची जागा ठरविणारा माणूस होता अर्ल कूली, नऊ वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी उडी घेतलेला तोच. वरून पाहता वणव्यात विशेष काही दिसले नाही. दुपारी चारच्या सुमारास पंधरा जण उतरले. बहुतेक विशीतले होते. काही महाविद्यालयातले विद्यार्थी, काही युद्धावरून परतलेले. रेडिओचे पॅराशूट उघडले नाही आणि तो चुराडा होऊन पडला. खाली त्यांना जेम्स हॅरिसन नावाचा वनरक्षक भेटला. तो पूर्वी स्वतः स्मोकजंपर होता आणि ती नोकरी सोडून या साध्या जागेवर आला होता. तोवर तो एकटाच त्या आगीशी झगडत होता.

तुकडी नदीच्या दिशेने दरी उतरू लागली. नदी पाठीशी ठेवून आगीला तोंड द्यावयाचे, असा नायक वॅग्नर डॉज याचा बेत होता. पण वाऱ्याने आग दरीच्या तोंडापाशीच ओलांडून या बाजूला आणली. समोरची वाट बंद झाली. पावणेसहाच्या सुमारास डॉजने माणसांना मागे, चढावर वळविले. वाळलेल्या उंच गवतातून, खड्या चढणीवर, आग माणसापेक्षा वेगाने धावते. डॉजने अवजारे टाकून देण्याची आज्ञा केली. मग त्याने जे केले ते त्या क्षणी कोणालाच उमगले नाही. त्याने काडी ओढून स्वतःच्या पुढ्यातले गवत पेटविले, आणि ते जळून जी काळी जागा झाली तिच्यात येऊन निजा, असे तो हाकारू लागला. जळून गेलेले गवत पुन्हा जळत नाही, हा त्यातला विचार. पण पाठीशी आग असताना पुढे आणखी आग लावणाऱ्या माणसाचे कोण ऐकणार? सारे त्याला ओलांडून कड्याकडे धावले. दोघे जण कड्यातल्या एका फटीतून पलीकडे गेले आणि वाचले. डॉज आपल्या राखेत पालथा पडून राहिला आणि वाचला. बाकीचे तेरा, बारा स्मोकजंपर आणि हॅरिसन, वाचले नाहीत. मृतांपैकी एकाच्या घड्याळाचे वितळलेले काटे सहाला चार मिनिटे कमी असताना थांबले होते. जमिनीवर पाऊल टेकल्यापासून दोन तासही झाले नव्हते.

या घटनेची चौकशी झाली, वादही झाले. निवृत्तीनंतर शिकागो विद्यापीठाचे इंग्रजीचे प्राध्यापक नॉर्मन मॅक्लीन यांनी आयुष्याची अखेरची वर्षे या दोन तासांचा शोध घेण्यात घालविली. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९९२ साली, प्रसिद्ध झाला. पण एका शब्दाच्या दृष्टीने पाहिले, तर मान गल्चचा अर्थ थोडक्यात सांगता येतो. त्या दिवशी ज्याला स्मोक समजून माणसे उतरली, तो उतरेपर्यंत स्मोक राहिला नव्हता. जे नाव त्या पेशाची अट होते, ती अट दुपारी कधीतरी वाऱ्याने मोडली, आणि ते कळविण्याचे साधन दरीत फुटून पडले होते. अनुमानाने अग्नी आहे एवढे कळते. तो केवढा आहे आणि पुढच्या घटकेला केवढा होईल हे धूर सांगत नाही. पाठशाळेतला विद्यार्थी अनुमान सिद्ध करून घरी जातो. स्मोकजंपरला त्या अनुमानाच्या शेवटाशी उतरावे लागते.

त्यानंतर खाते बदलले. १९५७ साली वणव्यावर काम करणाऱ्यांसाठी दहा स्थायी आज्ञा निघाल्या. हवामान आणि आगीची चाल सतत जाणून घ्या, सुटकेची वाट आधी ठरवा, असा त्यांचा रोख आहे. १९६० साली मिझूलाला वणव्याच्या शास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली. डॉजची राखेची युक्ती आता शिक्षणाचा भाग आहे. आणखी एक खोल फेर झाला. प्रत्येक धुराचा पाठलाग केल्यामुळे अरण्यात वाळके लाकूड आणि झुडपांची दाटी साठत जाते आणि पुढचा वणवा अधिक उग्र होतो, हे अभ्यासाअंती कळून आले. सकाळी दहाचा दंडक वनखात्याने १९७८ साली सोडून दिला. काही धूर पाठलागासाठी नसतात, ते नुसते पाहावयाचे असतात, हे मान्य करावयास त्या खात्याला सत्तराहून अधिक वर्षे लागली.

शब्द मात्र तसाच राहिला. आरंभी तो दोन शब्दांत लिहीत, आता एकसंध लिहितात; वापराने जोड झिजून सांधा बुजला. १९८१ साली डिअ‍ॅन शुलमन ही या कामावर आलेली पहिली स्त्री ठरली, तेव्हाही त्याला हात लावावा लागला नाही. 'फायरमन' या शब्दात पुरुष घट्ट बसलेला असल्यामुळे स्त्रिया आल्यावर त्याच्या जागी 'फायरफायटर' आणावा लागला. 'जंपर'मध्ये केवळ उडी आहे; उडी मारणारा कोण याची चौकशी नाही. मनोऱ्यांतील बहुतेक माणसे गेली, त्यांच्या जागी विमाने, कॅमेरे आणि उपग्रह आले. पायी निघणारा स्मोकचेसर जवळजवळ विस्मृतीत गेला. आज अमेरिकेत चारशेच्या आसपास स्मोकजंपर असतील. उतरल्यावर त्यांच्या हाती येते ते पुलास्कीच, आणि काम संपल्यावर शंभर पौंडांच्या घरातले ओझे पाठीवर घेऊन अनेकदा त्यांना पायीच परतावे लागते. येताना जंपर, जाताना जुना चालणारा.

एखाद्या माणसाच्या नावात त्याच्या आजोबांचे नाव गुंफलेले असावे, तसा या शब्दात तो चालणारा माणूस अजून आहे. आकाशातून उतरणाऱ्याच्या नावाचे पहिले पद त्याने दिले आहे, आणि त्या पदात त्याचा अनुभवही दिला आहे: आग मोठी होण्याआधी पोहोच, आणि पोहोचण्याआधी ती मोठी झाली असेल, तर ते ओळख. पहिली गोष्ट त्या पेशाला नावाबरोबर मिळाली. दुसरी शिकण्यासाठी त्याला तेरा माणसांचे मोल द्यावे लागले. मान गल्चच्या उतारावर, जेथे जो पडला तेथे, त्या तेरांची स्मरणचिन्हे उभी आहेत.